वसतिगृहाचा उंबरठा : शाहू छत्रपती, कुंभोजचे भाऊराव आणि नसीमा हुरजूक

#धागा #इतिहास #कोल्हापूर

१/ कोल्हापूरचा उल्लेख 'वसतिगृहांची जननी' असा केला जातो. राजर्षी शाहू छत्रपतींनी येथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, हे शालेय पुस्तकांतही वाचावयास मिळते. या परंपरेचा एक टप्पा मात्र पुस्तकांत सहसा येत नाही. तो १९८४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी चाकाच्या खुर्चीवरून वावरणारी एक स्त्री होती : नसीमा हुरजूक. हा धागा त्यांच्या कार्याचा आणि त्या कार्यामागील दीर्घ पूर्वपीठिकेचा.

२/ आरंभ हातकणंगल्यापासून करू. कोल्हापूर संस्थानचा मिरजेपर्यंतचा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. हातकणंगले हे त्याच मार्गावरील स्थानक. रेल्वेमुळे पूर्वेकडील खेड्यांतील मुलाला करवीर नगरीपर्यंत पोहोचणे सोपे झाले. पण पोहोचल्यावर राहायचे कोठे, जेवायचे कोठे? शहरात नातलग नसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण या दोन प्रश्नांपाशीच अडत असे. शाळेचे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत रोज येण्याची सोय नव्हती.

३/ शाहू छत्रपतींनी यावर प्रथम जो उपाय केला, तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. नियमाने ते सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात मात्र तेथे पुढारलेल्या समाजातील विद्यार्थ्यांचाच भरणा झाला. ज्यांच्यासाठी मुख्यतः ही योजना होती, ते बाहेरच राहिले. 'सर्वांना खुले' आणि 'सर्वांना प्रवेश' यांतील अंतर छत्रपतींना या अनुभवातून कळले.

४/ त्यानंतर धोरण बदलले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. १९२२ मध्ये छत्रपतींचे निधन झाले, तोवर करवीरातील अशा वसतिगृहांची संख्या वीसच्या पुढे गेली होती. जो समूह उंबरठ्याबाहेर राहतो, त्याच्या गरजा पाहून त्याच्यासाठी घर बांधावे, हे या धोरणाचे सूत्र होते.

५/ हे सूत्र पुढे खेडोपाडी नेणारा माणूस हातकणंगले तालुक्यातलाच. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकताना त्यांनी जैन बोर्डिंगचे जीवन पाहिले आणि छत्रपतींच्या कार्याचा संस्कारही घेतला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

६/ भाऊरावांनी या परंपरेत दोन गोष्टींची भर घातली. शाहूंच्या वसतिगृहांत बहुधा एकेका समाजाची मुले राहत, भाऊरावांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. दुसरी भर श्रमाची. 'कमवा आणि शिका' या योजनेमुळे विद्यार्थी दानावर जगणारा न राहता स्वतःच्या कष्टाने शिकणारा झाला. एकत्र राहणे आणि स्वावलंबन ही दोन तत्त्वे येथे लक्षात ठेवावीत. नसीमा हुरजूक यांच्या कार्यात ती पुन्हा भेटतात.

७/ एवढे सारे घडूनही एक मूल बाहेरच राहिले. पोलिओने पाय लुळे पडलेले मूल. त्याची जात कोणतीही असो, त्याला बोर्डिंगच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, विहिरीवर आंघोळीला जाता येत नव्हते, आवारामागील शौचकूपात बसता येत नव्हते. त्याला मज्जाव करणारा नियम कोठेही लिहिलेला नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. इमारतच त्याला अडवीत होती. १८९६ च्या वसतिगृहाचा धडा येथे दुसऱ्या रूपात पुढे येतो.

८/ अपंगांसाठी काहीच होत नव्हते असे नाही. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८० च्या दशकात निघाली, अंधांच्या शाळाही विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीस आले. पण या सोयी मोठ्या शहरांत वा लष्करी छावण्यांत होत्या. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या खेड्यातील मुलीला त्यांपैकी एकीचाही उपयोग नव्हता.

९/ मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालची संवेदना आणि हालचाल दोन्ही जातात. याला पॅराप्लेजिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. मृत्यूचे कारण बहुतेकदा मूळ इजा नसे. एका जागी पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याव्रणांतून, म्हणजे बेडसोअर्समधून, आणि मूत्रमार्गातून शिरणारा जंतुसंसर्ग हे ते कारण होते. पलंग आणि शौचालय या दोन साध्या गोष्टींवर त्यांचे जगणे-मरणे ठरत असे.

१०/ हे चित्र बदलले ते डॉ. लुडविग गुटमान यांनी. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले हे ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्रमार्गाची काटेकोर स्वच्छता, व्यायाम आणि हाताला काम, अशी त्यांची पद्धत होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तेथे १६ जणांची धनुर्विद्या स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचा उगम तो हाच.

११/ या लाटेचा स्पर्श लवकरच कोल्हापूरच्या शेजारी झाला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या पाठीशी लष्कराची रुग्णालये होती. ज्या नागरिकांना असा आधार नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

१२/ नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० चा, सोलापूरचा. पुढे कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी झाली. शिक्षण चालू असताना, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी त्यांना पॅराप्लेजियाने गाठले. त्या काळी एखाद्या मुलीला असे अपंगत्व आले की घरादाराच्या लेखी तिचे शिक्षण, नोकरी, संसार हे सारे विषय एकदमच मिटत. तिच्या वाट्याला उरे ती घरातील एक खोली आणि घरच्यांची सेवा. नसीमा यांनाही निराशेच्या त्या काळातून जावे लागले.

१३/ त्यांना बाहेर काढले ते एका भेटीने. बाबूकाका दिवाण हे स्वतः पॅराप्लेजियाग्रस्त गृहस्थ. ते व्यवसाय सांभाळीत आणि केवळ हातांनी चालवता येईल अशी मोटार स्वतः चालवीत. 'अपंगत्व म्हणजे सर्व संपले' या समजुतीला त्यांचे रोजचे जगणे हेच उत्तर होते. उपदेशापेक्षा उदाहरणाचा परिणाम मोठा झाला. नसीमा यांनी शिक्षण पुन्हा हाती घेतले आणि केंद्रीय उत्पादन शुल्क विभागात नोकरी मिळवली. बाबूकाकांना त्या आयुष्यभर गुरुस्थानी मानत आल्या.

१४/ स्वतःची नोकरी लागल्यावर एखाद्याने थांबावे, तर ते स्वाभाविकच होते. पण बाबूकाकांच्या सहवासात उभ्या राहिलेल्या या गटाने अपंगांच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले. १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, कोल्हापूर' ही संस्था स्थापन झाली. संस्थापकांत नसीमा यांच्यासह गायिका रजनी करकरे-देशपांडे होत्या. त्यांना लहानपणीच पोलिओ झालेला होता. अपंगांसाठी इतरांनी चालवलेली संस्था आणि अपंगांनी स्वतः चालवलेली संस्था यांत जो फरक असतो, तो येथे पहिल्या दिवसापासून होता.

१५/ खेड्यापाड्यांतील अपंग मुलांना भेटताना जुनाच प्रश्न पुढे आला. शस्त्रक्रिया करता येईल, कॅलिपर बसवता येईल, खुर्ची देता येईल, पण मूल शाळेत जाणार कसे? एसटीची पायरी उंच, शाळा दूर, आई-वडील दिवसभर शेतावर किंवा मागावर. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर दोन पाळ्यांत राबणाऱ्या घरात मुलाला रोज उचलून शाळेत कोण नेणार? उत्तर करवीर नगरीला नवे नव्हते. मुलाला शाळेजवळ ठेवायचे, म्हणजेच वसतिगृह काढायचे.

१६/ कोल्हापूरला लागून असलेल्या उचगाव येथे संस्थेचे वसतिगृह उभे राहिले. नाव 'घरौंदा', म्हणजे चिमुकले घर. अशा घराची रचनाच वेगळी करावी लागते. पायऱ्यांऐवजी उतार, खुर्ची आत जाईल आणि वळेल एवढी रुंद दारे, बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशा खुंट्या आणि नळ, धरायला कठड्यांचे शौचालय. मूल स्वतः आंघोळ करू लागले, स्वतः कपडे घालू लागले, की त्याचे शिक्षण तेथेच सुरू होते. बाकीचे विषय त्यानंतरचे.

१७/ येथे अमेरिकेतील एक समांतर घटना आठवते. पोलिओमुळे मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. रात्री श्वासासाठी त्यांना 'आयर्न लंग' हे अवजड यंत्र लागे. ते मावेल असे एकही वसतिगृह विद्यापीठात नव्हते. अखेर विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांची राहण्याची सोय झाली. तेथे जमलेल्या विद्यार्थ्यांच्या गटातून पुढे १९७२ चे 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' जन्मले. बर्कली असो वा उचगाव, अपंगांच्या हक्कांची चळवळ राहण्याच्या खोलीपासून सुरू झाली.

१८/ वसतिगृहापाठोपाठ संस्थेने 'समर्थ' या नावाने शाळा काढली. तिच्यात अपंग आणि अन्य मुले एकत्र शिकू लागली. कार्यशाळेत चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली, कॅलिपर आणि फर्निचर तयार होऊ लागले, आणि ते करणारे हात अपंग कारागिरांचेच होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, मोरे येथे 'स्वप्ननगरी' उभी राहिली आणि तेथे काजू प्रक्रियेतून रोजगार निर्माण झाला. कुंभोजच्या भाऊरावांची ती दोन तत्त्वे, एकत्र राहणे आणि स्वकष्ट, येथे पुन्हा दिसतात.

१९/ या कामासाठी नसीमा यांनी शासकीय नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सहवासातील मुलांसाठी त्या 'नसीमादीदी' झाल्या. त्यांचे आत्मचरित्र 'चाकाची खुर्ची' मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केले. त्याचे हिंदी व इंग्रजी अनुवादही निघाले. मराठी आत्मचरित्रांची परंपरा समृद्ध आहे, दलित आणि स्त्रियांच्या आत्मकथनांनी तर तिला नवी दिशा दिली. अपंग स्त्रीने स्वतःच्या देहाविषयी आणि परावलंबनाविषयी लिहिलेले असे पुस्तक त्या परंपरेतही विरळच. इतिहासाच्या अभ्यासकाने ते साधन म्हणून वाचावयास हवे.

२०/ आता थोडे कायद्याविषयी. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले होते. त्या वर्षीच्या जनगणनेत भारताने मोजक्या प्रकारच्या अपंगांची नोंद केली, पण १९९१ च्या जनगणनेत हा प्रश्नच वगळला गेला. चाकाच्या खुर्चीवरून लढणारे जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे २००१ मध्ये तो परत आला. त्या गणनेत २.१९ कोटी अपंग नोंदले गेले, २०११ मध्ये २.६८ कोटी. ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद तरी कशी होणार?

२१/ अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याने शासकीय सेवेत ३ टक्के राखीव जागा दिल्या. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण ४ टक्के केले आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले. १९०२ मध्ये ज्या करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला, त्या भूमीला हा विचार परका नव्हता. मात्र 'हेल्पर्स'ची स्थापना १९९५ च्या कायद्यापूर्वी अकरा वर्षे झाली होती, हा कालक्रम ध्यानात ठेवावा. कोल्हापुरात काम आधी उभे राहिले, कायदा नंतर आला.

२२/ शब्दांचाही इतिहास असतो. 'पांगळा', 'अपंग', 'विकलांग', 'दिव्यांग' असा हा प्रवास आहे. संस्थेच्या नावातील 'हँडिकॅप्ड' हा शब्द १९८४ मध्ये सर्वमान्य होता, आज तो मागे पडला आहे. २०१५ नंतर 'दिव्यांग' शासकीय व्यवहारात रूढ झाला, पण चळवळीतील अनेकांना त्यातील दैवी छटा खटकते. त्यांचे म्हणणे असे की, आम्हाला दिव्यत्व नको, उतार हवा. नाव बदलले आणि पायरी तशीच राहिली, तर खुर्चीवरच्या माणसाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

२३/ एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. शाहूंच्या जातवार वसतिगृहांवर टीका झाली की त्यांनी जातिभेद पक्का होईल. अपंगांच्या स्वतंत्र वसतिगृहांवर आज तसाच आक्षेप घेतला जातो : मुलांना समाजापासून वेगळे का ठेवायचे, सर्वच शाळा त्यांना सामावून घेणाऱ्या का नसाव्यात? आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. पण १८९६ चे 'सर्वांसाठी' असलेले वसतिगृह विसरता येत नाही. गावच्या शाळेत उतार, शौचालय आणि वाहन येईपर्यंत मुलाने थांबायचे म्हटले, तर त्याचे बालपण सरून जाते. वेगळे घर हा मुक्काम नसून वाटेतला टप्पा आहे, आणि 'समर्थ'सारखी एकत्र शाळा ही त्यापुढची पायरी.

२४/ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. कॅलिपर घालून शाळेत येणारी मुले आता क्वचितच दिसतात. त्यामुळे तो प्रश्नच संपला असे वाटण्याचा धोका आहे. पण अपघातात कणा मोडलेला तरुण, मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेले मूल आणि वार्धक्याने खुर्चीला खिळलेली आजी आजही आहेत. त्यांना लागणारा उतार तोच आहे.

२५/ कोल्हापूर-मिरज मार्गावरची गाडी आजही हातकणंगल्याला थांबते. १८९१ नंतर त्या फलाटावरून कित्येक मुले शिकण्यासाठी करवीरला गेली. शाहूंनी त्यांच्या निवाऱ्याची काळजी घेतली, कुंभोजच्या भाऊरावांनी ती काळजी महाराष्ट्रभर नेली. जे मूल फलाटावरून डब्यातच चढू शकत नव्हते, त्याच्यासाठी नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घर बांधले. या तिन्ही नावांचा उल्लेख एकाच परंपरेत व्हायला हवा. आणि पुढच्या वेळी एखादे ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय वा महाविद्यालय पाहाल, तेव्हा त्याच्या स्थापनेचे वर्ष पाहण्याआधी दाराशी किती पायऱ्या आहेत, ते मोजून पाहावे.

#धागा समाप्त